पुरलेलें रुपें आणि आमचें कुतूहल

इ. स. २०१४ च्या सप्टेंबर महिन्यांत स्कॉटलंडच्या नैर्ऋत्येस गॅलोवे प्रांतांत, चर्चच्या मालकीच्या जमिनींत, धातुशोधक यंत्र घेऊन हिंडणाऱ्या एका हौशी गृहस्थास रुप्याची एक वस्तु सांपडली. त्यानें तें वृत्त संबंधित अधिकाऱ्यांस कळविलें, पुराणवस्तुसंशोधक आले, आणि सुमारें अकराशें वर्षांपूर्वीं, म्हणजे इ. स. ९०० च्या आसपास, कोणीं तरी मोठ्या काळजीनें पुरून ठेवलेला शंभरांहून अधिक वस्तूंचा निधि उजेडांत आला. ही वार्ता जगभर पसरली. तेव्हांपासून ह्या निधीविषयीं वृत्तपत्रांतून, सचित्र पुस्तकांतून व चित्रफितींतून इतकें लिहिलें-बोललें गेलें आहे कीं, त्याचें एक लहानसें वाङ्मयच तयार झालें आहे असें म्हणावयास हरकत नाहीं. त्या वाङ्मयाचा, आणि तें ज्या लोककुतूहलावर पोसलें जातें त्या कुतूहलाचा, थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रारंभींच एक कबुली दिलेली बरी. ही वार्ता आम्हीं प्रथम वाचली तेव्हां आमच्या मनांत जो पहिला प्रश्न उभा राहिला तो 'हें कोणाचें असेल?' हा नव्हता. 'ह्याची किंमत किती असेल?' हा होता. पुढें २०१७ सालीं स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयानें हा निधि १९ लक्ष ८० हजार पौंडांस घेतला. तो आंकडा आमच्या तत्काळ लक्षांत राहिला. निधींतील वस्तूंचीं नांवें लक्षांत राहावयास मात्र बराच काळ लागला. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांची गत याहून निराळी नसावी. तेव्हां पुढें जी टीका येईल ती प्रथम आमच्यावरच आहे, असें समजून वाचकांनीं ती वाचावी.

अशा कुतूहलास क्षुद्र लेखण्याची विद्वानांची एक जुनी खोड आहे. लोकांस इतिहास नको आहे, त्यांस मोहरांचा हंडा हवा आहे, असें ते म्हणतात. हा आक्षेप सर्वस्वीं खोटा नाहीं. पण तो अपुरा आहे खास. नुसत्या द्रव्याचीच ओढ असती तर एखाद्या पेढीच्या तळघरांतील सोन्याच्या विटा पाहावयास लोकांनीं रांगा लावल्या असत्या. गॅलोवेच्या निधींतील रुपें वजनास पांच किलोंहून थोडें अधिक भरतें; आमच्याकडील बऱ्यापैकीं चालत्या सराफी दुकानांत त्याहून अधिक निघेल. त्या दुकानावरून आम्ही रोज जातों आणि मान वळवून पाहत नाहीं. मग ह्या पांच किलोंत असें काय आहे?

आमच्या मतें त्याचें उत्तर असें. जो धन पुरतो तो बहुधा परत येण्याच्या इराद्यानें पुरतो. खूण लक्षांत ठेवतो, पाऊलवाट मोजतो, पुन्हा माती सारखी करतो आणि निघून जातो. आणि मग तो येत नाहीं. मेला, पकडला गेला, देशोधडीस लागला, कीं वाटच विसरला, हें सांगणारा कोणी राहत नाहीं. पुरलेला निधि म्हणजे अशी अर्ध्यावर थांबलेली कथा असते. ती ऐकतांना चुकलेल्या माणसाची वाट पाहिल्यासारखें मन अडकून राहतें. ह्या अडकण्यांत लोभाचा अंश असेलही, परंतु त्यांत एक प्रकारची करुणाही आहे, आणि ती ओळखल्यावांचून ह्या विषयावर लिहूं नये.

हें कुतूहल आजचें नव्हे. इंग्लंडच्या लँकाशायर परगण्यांत, प्रेस्टन गांवानजीक, १५ मे १८४० रोजीं रिबल नदीचा बांध दुरुस्त करणाऱ्या मजुरांच्या कुदळीस क्यूअरडेल येथें असाच एक निधि लागला. त्यांत नाणीं, लगडी, मोडकीं कडीं व रुप्याचे तुकडे मिळून सुमारें ८,६०० वस्तु होत्या. एकूण वजन सुमारें ४० किलो. तो इ. स. ९०५ ते ९१० च्या दरम्यान पुरला गेला असावा असें नाण्यांवरून ठरतें. आयर्लंडांतील डब्लिन येथून इ. स. ९०२ सालीं व्हायकिंग लोक हांकलले गेले होते, आणि त्या घटनेशीं ह्या निधीचा संबंध असावा असें अनेक अभ्यासक मानतात. तो निधि राजसत्तेचा ठरला व त्याचा मोठा भाग ब्रिटिश म्युझियमांत गेला. ज्यांच्या कुदळीस तो लागला त्या मजुरांस एकेक नाणें ठेवूं दिलें, अशी हकीकत सांगतात. पण आम्हांस त्याहून लक्षणीय वाटतें तें निराळेंच. त्या भागांत पूर्वींपासून अशी एक दंतकथा होती कीं, वॉल्टन-ले-डेल येथें नदीच्या दक्षिण तीरावर उभें राहून रिबचेस्टरच्या दिशेस पाहिलें असतां इंग्लंडांतील सर्वांत मोठा खजिना दृष्टीच्या टप्प्यांत येतो. ही दंतकथा निधीच्या स्मृतीवरून निघाली कीं नुसती योगायोगानें खरी ठरली, ह्याचा निर्णय करण्याचें कारण नाहीं. लोक त्या तीरावर उभे राहून दूर पाहत असत, एवढें आम्हांस पुरे आहे.

महाराष्ट्रांतील वाचकांस हा भाव समजावून सांगण्याची गरज नाहीं. गुप्तधनावर नाग पहारा करतो, पायाळू माणसास जमिनींतलें दिसतें, डोळ्यांत अंजन घातलें म्हणजे हंडे दिसूं लागतात, आणि नशिबीं नसलेल्यानें हंडा उकरला तर मोहरांचे कोळसे होतात, अशा समजुती आमच्या गांवोगांवीं आहेत. त्यांच्या पायीं अघोरी कृत्येंही घडलीं. २०१३ सालच्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यांत गुप्तधनासाठीं केल्या जाणाऱ्या अमानुष प्रकारांचा समावेश करावा लागला, तो उगीच नव्हे. परंतु ह्या समजुतींतील शेवटची, म्हणजे कोळशांची, आम्हांस निव्वळ भाकड वाटत नाहीं. तिच्याकडे आम्ही पुन्हां वळूं.

आतां प्रस्तुत वाङ्मयाकडे येऊं. त्यांत तीन दोष आम्हांस प्रामुख्यानें दिसतात.

पहिला दोष असा कीं, कथेचा नायक बदलला आहे. अकराशें वर्षांपूर्वीं ज्यानें पुरलें तो मागें पडतो आणि परवां ज्यानें उकरलें तो पुढें येतो. त्याची चिकाटी, त्या दिवसाचें हवामान, यंत्राचा तो टणत्कार, आणि अखेरीस मिळालेलें पारितोषिक! ही सोडतीच्या तिकिटाची कथा झाली. ती वाचून वाचकाच्या मनांत जो विचार येतो तो 'मलाही सांपडेल काय?' एवढाच. हौशी शोधकांचें श्रेय आम्ही नाकारीत नाहीं. अलीकडे उजेडांत आलेल्या ब्रिटनमधील निधींपैकीं बहुतेक अशाच लोकांच्या चिकाटीचें फळ आहेत, आणि गॅलोवेच्या शोधकानें वेळींच वर्दी दिली म्हणूनच पुढचें सारें शक्य झालें. परंतु टपालवाल्यानें पत्र आणून दिलें म्हणून पत्र बाजूस ठेवून त्याच्याच पायपिटीचें वर्णन करीत बसावें, तसा हा प्रकार आहे.

दुसरा दोष नांवाचा आहे. संग्रहालयानें ह्या निधीस 'व्हायकिंग काळांतील' असें म्हटलें आहे, आणि तें बरोबर आहे. लोकांच्या तोंडीं त्याचें 'व्हायकिंगांचा खजिना' झालें. काळाचें नांव मालकास चिकटलें! व्हायकिंग म्हटला कीं लांबट नौका, कुऱ्हाड, दाढी आणि लूट हें चित्र तयारच असतें. मग निधि स्वतः काय सांगतो तें ऐकण्याची गरज उरत नाहीं.

वस्तुतः निधि पुष्कळ सांगतो. तो दोन थरांत पुरलेला होता. वरच्या थरांत रुप्याच्या लगडी, कडीं आणि एक रुप्याचा क्रूस. त्याखालीं खडीचा थर. त्या खडीखालीं वरच्याहून दुपटीनें मोठा रुप्याचा सांठा. चार नक्षीदार कडीं एकत्र बांधून त्यांच्या मध्यें दडविलेली लहानशी लांकडी डबी, तींत सोन्याच्या तीन वस्तु, पैकीं एक पक्ष्याच्या आकाराची टांचणी. आणि शेजारीं वस्त्रांत गुंडाळलेलें, झांकणाचें एक रुप्याचें भांडें. म्हणजे चोर आलाच तर त्यास वरचें मिळावें, खडी लागतांच तळ आला असें वाटावें, आणि त्यानें समाधानानें निघून जावें, अशी ही योजना दिसते. थोडें सोडून बरेंच वांचविण्याची ही युक्ति ज्यास सुचली तो मनुष्य घाबरलेला असेल, पण गडबडलेला खास नव्हता.

क्रूसावर चार शुभवर्तमानकारांचीं चिन्हें कोरलेलीं आहेत: मनुष्य, सिंह, बैल व गरुड. कड्यांवर रून लिपींतील अक्षरें आहेत; पण ती रून लिपि उत्तरेकडील नॉर्स लोकांची नसून इंग्लंडांतील आहे. एका कड्यावर 'एग्बेर्ट' हें नांव पूर्ण वाचतां येतें, आणि तें अस्सल इंग्लिश नांव आहे. सर्वांत लांब लेखाचा उलगडा २०२५ सालीं जाहीर झाला: ही संपत्ति समुदायाची आहे, असा त्याचा अर्थ तज्ज्ञांनीं लावला आहे. भांड्याच्या आंत तर एक लहानसें देवघरच होतें म्हणाना! मणी, पदकें, जपून ठेवलेल्या जुन्या वस्तु; सोन्याच्या तारेनें मढविलेली स्फटिकाची एक कुपी, आणि तिच्या बुडाशीं हिग्वाल्ड नांवाच्या बिशपनें ती करविल्याचा सुवर्णाक्षरी लेख; आणि मातीचे बारीक गोळे, ज्यांत सोन्याचे अतिसूक्ष्म कण आढळले. सोन्यारुप्याबरोबर मातीचे गोळे कोण पुरतो? तीर्थाची मृत्तिका डबींत जपून ठेवणाऱ्या आमच्या आजीबाईंस हा प्रश्न पडला नसता. पवित्र स्थानांच्या अवशेषांवरील धूळ ह्या गोळ्यांत असावी असा संशोधकांचा तर्क आहे.

आणि खुद्द तें भांडें? त्यावर वाघ व बिबटे आहेत, राजमुकुट आहे, आणि अग्निवेदी आहे. तें ब्रिटनमध्यें घडलेलेंच नव्हे. त्याचें रुपें इराणांतील खाणीचें असल्याचें २०२४ सालीं जाहीर झालें. अग्यारीवरून नित्य जाणाऱ्या मुंबईकर वाचकास स्कॉटलंडच्या मातींत अग्निवेदीचें चित्र निघावें ह्याचें नवल वाटेल, आणि वाटावें. ससानी इराणच्या कारागिरांनीं घडविलेलें, कित्येकांच्या हातून फिरलेलें हें भांडें अखेरीस ख्रिस्ती पूज्य वस्तूंची पेटी झालें. तेव्हां ज्यास आम्ही लुटारूंचा खजिना म्हणून पाहावयास जातों, तो लुटारूंच्या भयानें लपविलेला भक्तांचा ठेवा असणेंही शक्य आहे. अथवा मठांतून लुटून आणलेला असणेंही शक्य आहे. अथवा दोन्ही लोक एकत्र नांदूं लागल्यावरचा, दोहोंचा सामाईक असणेंही शक्य आहे, कारण वरच्या थरांतील कडीं आयर्लंडांतील व्हायकिंग घडणीचींच आहेत. ह्या तीन शक्यतांपैकीं एक निवडून तीच वाचकास ठणकावून सांगणें, हा त्या वाङ्मयाचा तिसरा दोष होय. जी गोष्ट पुरी होऊं शकली नाहीं म्हणून आम्ही तिच्याकडे ओढलों गेलों, तिलाच हे लेखक पहिल्या परिच्छेदांत पुरी करून टाकतात.

ह्या बाबतींत उत्तरेकडील जुनें वाङ्मय आजच्या लिखाणापेक्षां कितीतरी सरस आहे. तेराव्या शतकांत आइसलंडमध्यें लिहिल्या गेलेल्या एगिलच्या सागेंतील एक प्रसंग पाहा. तरुणपणीं कवि व योद्धा एगिल हा इंग्लंडच्या अथेलस्टन राजाच्या बाजूनें लढतो. त्यांत त्याचा भाऊ पडतो. राजा त्याच्या पित्यास भरपाई म्हणून रुप्यानें भरलेल्या दोन पेट्या देतो. एगिल त्या पित्यास कधींच देत नाहीं. पुढें तो म्हातारा होतो, आंधळा होतो, चुलीजवळ बसला तर बायका त्यास हटकतात. तेव्हां त्यास एक विचित्र इच्छा होते: राष्ट्रसभा भरली असतां तेथें जावें, तें सारें रुपें गर्दींत उधळावें, आणि लोक त्यासाठीं एकमेकांवर कसे तुटून पडतात तें ऐकावें. घरचीं माणसें त्यास जाऊं देत नाहींत. मग एके रात्रीं तो दोन गुलामांस व पेट्यांस घेऊन बाहेर पडतो, आणि सकाळीं एकटाच परत येतो. गुलाम मारले, रुपें लपविलें, एवढें तो सांगतो; कोठें लपविलें तें सांगत नाहीं.

ह्या प्रसंगांत पुरणाऱ्याचें मन आहे, पुरण्याची किंमत आहे, आणि स्थळ गुप्त राहिल्यानें कथा उघडी राहिली आहे. लेखकानें एगिलला थोर केलें नाहीं कीं दुष्ट म्हणून हिणविलेंही नाहीं. जुन्या इंग्लिश 'बेओवुल्फ' काव्याचीही रीत अशीच. तेथें एका नामशेष झालेल्या कुळांतील शेवटचा मनुष्य आपल्या लोकांचें धन मातीच्या स्वाधीन करतो. तें अजगरासारख्या सर्पाच्या हातीं जातें. तें सोडविण्यांत राजा मरतो. आणि अखेर तें राजाबरोबरच पुन्हां पुरलें जातें. धनाचा कोणास उपयोग झाला नाहीं, ही जाणीव त्या काव्यास व्यापून आहे. पुरलेल्या धनाविषयींची कथा किंमतीच्या आंकड्यावर संपवावयाची नसते, हें त्या प्राचीन कवीस ठाऊक होतें.

सागेंतील ते दोन गुलाम आम्हांस आणखी एका गोष्टीची आठवण करून देतात, आणि ती ह्या विषयांतील सर्वांत जड गोष्ट होय. एवढें रुपें उत्तरेस आलें कोठून? स्वीडनच्या गोटलंड बेटावर स्पिलिंग्स नांवाच्या शेतांत १९९९ सालीं सांपडलेला निधि व्हायकिंग काळांतील रुप्याच्या निधींत सर्वांत मोठा समजला जातो. (पुराणवस्तूंच्या लुटीविषयीं चित्रफीत घेणारे लोक त्या शेतांतून निघून गेले, आणि त्यानंतर थोड्याच वेळांत तो निधि हातीं लागला, हाही दैवाचा एक विनोदच!) त्यांत ६७ किलो रुपें आहे, १४,००० हून अधिक नाणीं आहेत, आणि तीं बहुतेक सारीं अरबी दिरहम आहेत. बगदाद व मध्य आशियांतील टांकसाळींत पडलेलें हें नाणें रशियांतील नद्यांच्या वाटेनें बाल्टिक समुद्रापर्यंत गेलें. त्याच नवव्या शतकांत अरब व्यापारी आमच्या पश्चिम किनाऱ्यावरही येत होते, आणि इ. स. ८५१ च्या सुमाराच्या अरबी प्रवासवृत्तांत मान्यखेटच्या राष्ट्रकूट राजाचा 'बल्हारा' म्हणून गौरवानें उल्लेख येतो. म्हणजे एकाच व्यापाराच्या जाळ्याचें एक टोंक गोटलंडांत आणि दुसरें दक्षिणेच्या किनाऱ्याशीं होतें.

त्या दिरहमांच्या मोबदल्यांत उत्तरेकडील लोक काय देत? जनावरांची लोंकर असलेलीं मौल्यवान कातडीं देत, आणि माणसें देत. इ. स. ९२२ सालीं बगदादच्या खलिफाचा वकील इब्न फदलान व्होल्गा नदीच्या तीरीं ह्या व्यापाऱ्यांस भेटला. विक्रीसाठीं आणलेल्या दासी त्यांच्याबरोबर होत्या, असें त्यानें नमूद करून ठेविलें आहे. कांचेच्या पेटींतील चकचकीत रुप्यावर हें कोठें लिहिलेलें नसतें. कोणत्या नाण्यामागें कोण विकलें गेलें तें आतां समजण्याचा मार्ग नाहीं, आणि प्रत्येक नाण्यामागें मनुष्यच होतें असेंही कोणी म्हणूं नये. परंतु शूर दर्यावर्दींच्या पराक्रमाची बक्षिसी म्हणूनच ज्या लेखांत ह्या रुप्याचें वर्णन येतें, तो लेख कितीही रसाळ असला तरी अप्रामाणिक आहे, असें आम्ही स्पष्ट म्हणतों.

कोणी विचारील, 'लोकांस थोडी करमणूक झाली, त्यांत एवढें काय बिघडलें?' काय बिघडतें, ह्याचें उत्तर २०१५ सालच्या दोन घटनांत मिळतें.

त्या वर्षीं जून महिन्यांत हेरफर्डशायर परगण्यांत लेम्स्टर गांवाजवळ दोघा शोधकांस एक निधि सांपडला. सोन्याचें कडें, अंगठी, स्फटिकाचें लोलक, आणि अदमासें ३०० नाणीं. कायद्याप्रमाणें वर्दी दिली असती तर शोधकांस व जमीनमालकास बाजारभावाचा मोबदला मिळाला असता. त्यांनीं वर्दी दिली नाहीं. माल लपविला व विकावयास काढला. २०१९ सालीं ते चोरीबद्दल दोषी ठरून तुरुंगांत गेले. परंतु तोंवर हातीं लागलीं तीं जेमतेम तीसएक नाणीं. पुढें २०२३ सालीं त्याच निधींतील मानलेलीं ४४ नाणीं विकूं पाहणाऱ्या दुसऱ्या दोघांस शिक्षा झाली. उरलेलीं बहुतेक गेलीं तीं गेलींच. निधि जमिनींतून निघतांना कसा दिसत होता ह्याचा पुरावा म्हणून उरलीं तीं चोरांनीं आपल्या फोनवरून पुसून टाकलेलीं आणि पोलिसांनीं परत मिळविलेलीं छायाचित्रें.

त्याच वर्षीं ऑक्टोबरांत ऑक्सफर्डशायरमध्यें वॉटलिंग्टन येथें एका हौशी शोधकास त्याच काळचा, सुमारें दोनशें नाण्यांचा निधि सांपडला. त्यानें तो ओरबाडून काढला नाहीं. वर्दी दिली, संशोधकांनीं भोंवतालच्या मातीसकट तो ढेंकूळच्या ढेंकूळ उचलला आणि प्रयोगशाळेंत नेऊन एकेक नाणें वेगळें केलें. आज तो ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयांत आहे.

ह्या दोन्ही निधींत एका विशिष्ट छापाचीं नाणीं होतीं. त्यांवर दोन सम्राट् शेजारींशेजारीं बसलेले आहेत, असें जुन्या रोमन नाण्यावरून घेतलेलें चित्र आहे. आणि तो छाप वेसेक्सचा आल्फ्रेड व मर्सियाचा दुसरा केओलवुल्फ ह्या दोन्ही राजांच्या नांवें पाडलेला आहे. २०१५ पूर्वीं असल्या नाण्यांचे नमुने अगदींच मोजके होते. आल्फ्रेडच्या पक्षाकडून लिहिल्या गेलेल्या बखरींत केओलवुल्फ हा व्हायकिंगांच्या तालावर नाचणारा एक मूर्ख सरदार म्हणून येतो. नाणीं म्हणतात कीं, तो राजा होता, आणि कांहीं काळ तरी आल्फ्रेडचा बरोबरीचा सोबती होता. बखरीनें ज्यास पुसून टाकलें त्याची साक्ष मातीनें राखून ठेवली होती. आमच्याकडे नाशिकजवळ जोगळटेंभी येथें १९०६ सालीं सांपडलेल्या १३,००० हून अधिक नाण्यांनीं असेंच काम केलें. क्षहरात नहपानाच्या त्या नाण्यांपैकीं सुमारें दोनतृतीयांशांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप उठविलेला पाहून कोणीं कोणास जिंकलें ह्याचा वाद मिटला. परंतु हा निकाल देतां आला तो नाणीं मोठ्या संख्येनें एकत्र पाहतां आलीं म्हणून. तीं एकेक करून सोनारांच्या मुशींत गेलीं असतीं तर?

हेरफर्डशायरांत नेमकें तेंच झालें. कोणत्या राजाचीं किती नाणीं एकत्र होतीं, कोणतीं झिजलेलीं व कोणतीं कोरीं होतीं, त्यांबरोबर काय गुंडाळलें होतें, हें सारें कायमचें गेलें. सुटें नाणें कितीही सुंदर असो, तें वाक्यांतून उपटलेल्या शब्दासारखें आहे. अर्थ शब्दांच्या क्रमांत होता, आणि तो क्रम एका दुपारच्या उकराउकरींत नाहींसा झाला. गॅलोवेच्या निधींतील खडीचा तो थर आठवा. बाजारांत त्या खडीस कवडीची किंमत येणार नाहीं. पण पुरणाऱ्याच्या मनांतील भय व चातुर्य आम्हांस कळलें तें त्या खडीवरून. जो केवळ किंमत पाहतो तो खडी फेंकून देतो.

आतां मघांशीं राहिलेल्या कोळशांकडे वळूं. नशिबीं नसलेल्याच्या हातीं मोहरांचे कोळसे होतात, असें आमचीं जुनीं माणसें सांगत. हेरफर्डशायरच्या त्या दोघांच्या हातीं अकराशें वर्षांचा इतिहास आला, आणि चोरून विकण्याच्या मालापलीकडे त्यांस त्यांत कांहीं दिसलें नाहीं. तो माल त्यांस लाभला नाहीं, जगासही लाभला नाहीं. कोळसे झाले ते असे. आणि आम्हांस भय वाटतें तें असें कीं, त्या दोघांची दृष्टि कोठून आभाळांतून पडली नव्हती. दर निधीच्या वार्तेचा मथळा पौंडांच्या आंकड्यानें सुरू करणाऱ्या लेखकांनीं, आणि तो आंकडा प्रथम पाहणाऱ्या आमच्यासारख्या वाचकांनीं, ती वर्षानुवर्षें घडविली आहे. चोरीचा गुन्हा त्यांचा. दृष्टीच्या गुन्ह्यांत आमचाही वांटा आहे.

ह्यावर उपाय म्हणून हें कुतूहलच मारून टाकावें, असें आम्ही म्हणणार नाहीं. लोकांचें लक्ष आणि लोकांचा पैसा नसता तर गॅलोवेचा निधि एकत्र राहिलाच नसता. संग्रहालयानें तो घेतला त्यांत सामान्य जनांच्या देणग्यांचाही भाग होता. २०२१ सालीं तो एडिंबरोस प्रदर्शनांत मांडला गेला, पुढें ज्या प्रांतांत सांपडला त्या गॅलोवेच्या लोकांस पाहावयास तिकडे नेला, हें योग्यच झालें. जें कुतूहल नदीच्या तीरावर उभें राहून दूर पाहतें त्यास दूरवरचें दाखविणें हेंच लेखकाचें काम आहे. त्यानें पुरणाऱ्यास पुन्हां नायक करावें. जें नक्की ठाऊक नाहीं तें अनिश्चितच राहूं द्यावें. आणि रुपें कोठून आलें, कोणाच्या जिवावर आलें, हें लिहावयास संकोचूं नये. आमच्या अनुभवावरून सांगतों, ह्यानें रस उणा होत नाहीं. एग्बेर्ट हें नांव एकदां वाचल्यावर १९ लक्ष ८० हजारांचा आंकडा आमच्या मनांतून हळूहळू मागें पडला. तो कोण होता, तें कडें त्याच्या हिश्श्याचें होतें कीं कसें, खडीचा थर पसरतांना तो तेथें उभा होता काय, आणि परत यावयाचें ठरवून तो कोठें गेला, हे प्रश्न मात्र अजून आमच्याजवळ आहेत.

अशी वार्ता पुन्हां येईल. जमिनींत अद्याप पुष्कळ आहे. ती वाचतांना 'किती?' हा प्रश्न आमच्या मनांत आधीं येणार, हेंही आम्ही जाणतों. मनुष्यस्वभाव एका लेखानें पालटत नाहीं. तो आला म्हणजे त्यास थोडें थांबवून 'कोणाचें?' हा प्रश्न पुढें घ्यावा, एवढीच आमची वाचकांस व स्वतःस विनंती आहे.